दंडाच्या आतल्या बाजूचा आकडा: त्वचेचा रंग मोजून वंशमिश्रण कसं शोधतात

१५९१ साली मध्य मेक्सिकोतल्या त्लाश्काला प्रांतातून तिथल्या मूळ रहिवाशांची सुमारे ४०० कुटुंबं स्पॅनिश राजवटीशी ठरलेल्या करारानुसार उत्तरेकडे वसाहत करायला निघाली. त्यांतला एक गट साल्तियो शहराला खेटून राहिला. १९८१ मध्ये रेलेथफोर्ड आणि लीस या मानवशास्त्रज्ञांनी या गटाच्या वंशजांच्या त्वचेचं परावर्तन, म्हणजे तिच्यावर टाकलेल्या प्रकाशापैकी किती परत येतो ते, मोजलं आणि त्यावरून त्यांच्यात युरोपीय पूर्वजांचा वाटा किती, याचा हिशेब मांडला. लाखो जनुकीय खुणा एका झटक्यात वाचणं तेव्हा शक्य नव्हतं. हाताशी रक्तगट होते, रक्तातली प्रथिनं होती, आणि दंडाला टेकवायचं एक यंत्र होतं.

यंत्राचा आकडा आणि पूर्वजांचा वाटा यांच्यामध्ये बरीच गृहीतकं उभी असतात. ती पाळली तर ही पद्धत एका पूर्ण समूहाबद्दल विश्वासाने काही सांगू शकते. एकट्या माणसाच्या वंशाबद्दल मात्र ती जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि मला या लेखात मुख्यतः तेच दाखवायचं आहे, आकडे मांडून.

हिशेब

मूळ सूत्र बर्नस्टाइनचं, १९३१ चं, आणि ते जनुकांच्या वारंवारितेसाठी होतं. रंगासाठी तेच सरासरीवर लावतात. पहिल्या मूळ समूहाची सरासरी अ, दुसऱ्याची ब, मिश्र समूहाची ह. मग दुसऱ्या समूहाचा वाटा = (ह − अ) ÷ (ब − अ).

आकडे घालून पाहू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. मेलॅनिन (त्वचेतलं गडद रंगद्रव्य) किती आहे हे दाखवणाऱ्या निर्देशांकावर अ = ३२, ब = ६२, ह = ५०. वाटा = १८ ÷ ३० = ०.६०, म्हणजे ६० टक्के. आता समजा अ ची सरासरी चुकीच्या प्रदेशातल्या लोकांवरून घेतली आणि ती ३२ ऐवजी ३५ धरली. उत्तर १५ ÷ २७ = ५६ टक्के. चूक आहे, पण खपून जाईल. आता असे दोन मूळ समूह घ्या ज्यांच्यातला फरकच कमी आहे: अ = ५२, ब = ६२, ह = ५८. उत्तर पुन्हा ६० टक्के. पण इथे अ मध्ये तीच ३ अंकांची चूक झाली, तर ३ ÷ ७ = ४३ टक्के. चूक तेवढीच, उत्तर मात्र सतरा टक्क्यांनी घसरलं. सगळा खेळ भाजकाचा आहे. मूळ समूहांच्या सरासरीत जितकं अंतर कमी, तितकी प्रत्येक लहान चूक मोठी होते.

नमुन्याच्या चुकीचंही तसंच. वाट्याची प्रमाण त्रुटी काढताना तिन्ही सरासरींच्या त्रुटी धराव्या लागतात: ह ची पूर्ण, अ ची (१ − वाटा) पटीने, ब ची वाट्याच्या पटीने. या तिन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं आणि (ब − अ) ने भागायचं. तिन्ही समूहांत प्रत्येकी १०० माणसं आणि प्रमाण विचलन ८ धरलं, तर प्रत्येक सरासरीची त्रुटी ०.८ येते. ३० अंकांच्या अंतरावर वाट्याची त्रुटी सुमारे ३.३ टक्के, म्हणजे ९५ टक्के खात्रीची कक्षा साधारण ±६.५. दहा अंकांच्या अंतरावर तीच कक्षा ±१९ च्या वर जाते. जुन्या अनेक निबंधांत फक्त ह ची त्रुटी धरलेली दिसते आणि मूळ समूहांच्या सरासरी जणू दगडावर कोरलेल्या मानलेल्या असतात. असा निबंध वाचताना त्याची कक्षा मनातल्या मनात रुंद करून वाचावी.

मोजपट्टी कोणती?

वरचं सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: अर्धे पूर्वज इकडचे आणि अर्धे तिकडचे असतील तर आकडा बरोबर मधोमध पडेल. परावर्तनाच्या टक्केवारीवर तसं होत नाही. मेलॅनिन दुप्पट झालं म्हणून परावर्तन निम्मं होत नाही. मेलॅनिन वाढत जातं तसं परावर्तन आधी भराभर घसरतं आणि मग तळाशी चिकटतं. निळ्या-जांभळ्या प्रकाशात हे सर्वांत जास्त जाणवतं, कारण तिथे मेलॅनिन सर्वांत जास्त प्रकाश शोषतं.

उदाहरण घेऊ. ४२५ नॅनोमीटरला एका मूळ समूहाचं परावर्तन ३० टक्के, दुसऱ्याचं ६ टक्के. शोषण घातांकी आहे असं धरलं, तर बरोबर अर्ध्या मेलॅनिनच्या माणसाचं परावर्तन १८ येणार नाही, १३.४ येईल. ते सूत्रात घाला: वाटा ६९ टक्के. खरा आहे ५०. आता ६८५ नॅनोमीटरला, लाल प्रकाशात: ६२ आणि ३०, मधला माणूस ४३.१, वाटा ५९ टक्के. चूक उरली, पण निम्म्याहून कमी. आणि दोन्ही ठिकाणी परावर्तनाचा लॉग घेऊन हिशेब केला तर ५० टक्के.

हॅरिसन आणि ओवेन यांनी १९६४ मध्ये लिव्हरपूलमधले युरोपीय, पश्चिम आफ्रिकी आणि त्यांची मिश्र संतती यांच्यावर केलेल्या अभ्यासात हेच प्रत्यक्ष दिसलं. लाल प्रकाशात पहिल्या पिढीची मिश्र संतती आईबापांच्या मधोमध पडते. तरंगलांबी कमी होत जाते तशी ती गडद बाजूला झुकलेली दिसते. हे पाहून कुणी ‘गडद रंगाची जनुकं प्रभावी असतात’ असा निष्कर्ष काढला तर तो फसला. झुकाव मोजपट्टीत आहे.

म्हणून आजची यंत्रं थेट लॉग देतात. मेलॅनिन निर्देशांक = १०० × लॉग (१ ÷ लाल परावर्तन). लाल प्रकाशात ६० टक्के परावर्तन म्हणजे निर्देशांक २२, ४० टक्के म्हणजे ४०, २५ टक्के म्हणजे ६०. लालच का, याचं दुसरं कारण रक्त. हिमोग्लोबिन हिरव्या प्रकाशात भरपूर शोषण करतं, लालमध्ये फारच कमी. त्यामुळे ६५५ किंवा ६६० नॅनोमीटरच्या आसपास जे दिसतं ते बहुतांशी मेलॅनिन असतं.

यंत्रांबद्दल थोडक्यात

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानवशास्त्रज्ञ फॉन लुशानच्या ३६ रंगीत काचेच्या तुकड्यांची पट्टी त्वचेशेजारी धरून जुळणी करत. काच चकाकते, त्वचा चकाकत नाही, दोन निरीक्षकांचं एकमत होत नाही, आणि सकाळी घेतलेला क्रमांक संध्याकाळी बदलतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हनपोर्टने जमैका आणि बर्म्युडातल्या मिश्र कुटुंबांसाठी काळा, पांढरा, लाल, पिवळा अशा चकत्यांचा भोवरा फिरवला, चकत्या कमीजास्त करून त्वचेशी रंग जुळवला आणि १९१३ मध्ये रंग जनुकांच्या दोन जोड्या ठरवतात असा सिद्धांत मांडला. या दोन्ही पद्धतींचे आकडे आजच्या हिशेबात मिसळू नयेत. तीच गोष्ट ‘गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा’ अशा रकान्यांची. सर्वेक्षण करणारा बदलला की रकाने सरकतात.

खरं मापन सुरू झालं ते परावर्तनमापीने. वाइनरने १९५१ मध्ये मानवशास्त्रात आणलेल्या ईईएल यंत्रात ४२५ ते ६८५ नॅनोमीटरपर्यंत नऊ गाळण्या होत्या. ६०१ क्रमांकाची सर्वांत निळी, ६०९ ची सर्वांत लाल. आज डर्मास्पेक्ट्रोमीटर किंवा त्याचा वारसदार डीएसएम, मेक्सामीटर, आणि मिनोल्टाचे रंगमापी वापरात दिसतात. या सगळ्यांचे आकडे एकमेकांत थेट मिसळत नाहीत. तरंगलांबी वेगळी, प्रकाश टाकण्याचा कोन वेगळा, झरोक्याचा आकार वेगळा. ईईएलचे आकडे फोटोव्होल्ट या दुसऱ्या परावर्तनमापीवर नेणारी समीकरणं छापलेली आहेत, पण ती ज्या लोकांवर बसवली त्यांच्या रंगाच्या पट्ट्याबाहेर विश्वासार्ह राहत नाहीत. मूळ समूहाचे आकडे एका यंत्राचे आणि मिश्र समूहाचे दुसऱ्याचे असतील, तर तो वाटा छापूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष मोजताना

जागा एकच: दंडाची आतली बाजू, काख आणि कोपर यांच्या मधोमध. इथे ऊन सर्वांत कमी लागतं, म्हणून जन्मजात रंगाच्या सर्वांत जवळचा आकडा इथे मिळतो. दुसरं रीडिंग कपाळावर घ्यावं. कपाळ आणि दंड यांच्यातला फरक म्हणजे उन्हाने चढलेला रंग. उघड्या अंगाने शेतात किंवा होडीवर काम करणाऱ्या पुरुषांत दंडाची आतली बाजूही रापलेली असते. तिथे कपाळ आणि दंडातला फरक संशयास्पद कमी येतो. अशा माणसाची नोंद वेगळी ठेवावी, सरासरीत गुपचूप टाकू नये.

यंत्र टेकवण्याआधी माणसाला दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवावं. चालून आलेल्या माणसाच्या त्वचेत रक्त उसळलेलं असतं, गारठ्यातून आलेल्याच्या त्वचेतून ते आत गेलेलं असतं. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला, तळवा वर. हात खाली लोंबत ठेवला तर शिरांत रक्त साचतं आणि लाली वाढते.

जागा ओल्या कापसाने पुसून कोरडी करावी. स्पिरिटने पुसली तर त्वचा काही वेळ लाल होते, म्हणून पाणी बरं, आणि पुसल्यावर पाच मिनिटं थांबणं त्याहून बरं. टाल्कम पावडर, क्रीम, सनस्क्रीन यांची चौकशी करावी. आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: गेल्या काही दिवसांत अंगाला हळद लागली आहे का? हळदीतलं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त शोषण करतं, म्हणजे नेमकं ईईएलच्या पहिल्या गाळणीवर. तिथे त्वचा प्रत्यक्षाहून गडद नोंदली जाते. रंगमापीवर पिवळेपणाचा आकडा, बी-स्टार, वर जातो. त्वचाशास्त्रात लोकप्रिय असलेला आयटीए कोन एल-स्टारमधून (उजळपणाच्या आकड्यातून) ५० वजा करून बी-स्टारने भागून आलेल्या संख्येचा व्यस्त स्पर्शज्या-कोन असतो. एल-स्टार ५८ आणि बी-स्टार १८ असेल तर कोन २४ अंश. हळदीने बी-स्टार २४ झाला तर कोन १८ अंशांवर येतो, मेलॅनिनमध्ये काडीचाही बदल न होता. लाल प्रकाशातल्या मेलॅनिन निर्देशांकाला हळद जवळजवळ शिवत नाही. लग्नसराईत मोजमाप करायचं असेल तर हे एवढं एक कारणसुद्धा लाल तरंगलांबी निवडायला पुरे आहे.

दाब हा सगळ्यांत छुपा शत्रू. नवशिका माणूस प्रकाश आत शिरू नये म्हणून यंत्र घट्ट दाबतो. दाबल्यावर त्या जागेचं रक्त बाजूला सरतं, त्वचा पांढुरकी होते, हिरव्या प्रकाशातलं परावर्तन वाढतं, एल-स्टार वर जातो, ए-स्टार (लालीचा आकडा) खाली. यंत्र स्वतःच्या वजनावर टेकू द्यावं, हाताने फक्त सांभाळावं. उलट चूकही होते: बारीक दंडावर झरोक्याची कड उचललेली राहते आणि खोलीतला उजेड आत शिरतो. पडदा ओढून, किंवा यंत्राभोवती काळं कापड धरून एकदा रीडिंग घ्या आणि तसंच उजेडात घ्या. दोन्हींत फरक आला तर उजेड गळतो आहे.

शीर, तीळ, केस, ओरखडा टाळायचा. तीन रीडिंग घ्यायची, प्रत्येक वेळी यंत्र पूर्ण उचलून पुन्हा टेकवायचं, जागा किंचित सरकवायची. न उचलता सलग तीनदा बटण दाबलं तर आकडे सुंदर जुळतात, पण ते यंत्राची स्थिरता दाखवतात, मापनाची नाही. तिन्हींत दोन अंकांहून जास्त तफावत आली तर आणखी दोन घ्यावीत आणि मध्यक धरावा.

आता पांढरी टाइल. सत्र सुरू करण्याआधी यंत्र गरम होऊ द्यायचं, मग टाइलवर शंभर आणि काळ्या पोकळीवर शून्य जुळवायचं. जुन्या ईईएलबरोबर मॅग्नेशियम कार्बोनेटचा ठोकळा असे आणि त्याचा पृष्ठभाग खरवडून ताजा करावा लागे, कारण तो पिवळा पडतो. टाइलवर बोटांचे तेलकट ठसे पडले, की यंत्र त्या मळक्या पांढऱ्यालाच शंभर समजतं आणि त्या दिवसाचे सगळे लोक थोडे उजळ नोंदले जातात. म्हणून पांढऱ्या टाइलखेरीज एक राखाडी किंवा तपकिरी नियंत्रण-टाइल जवळ ठेवावी आणि दर वीस माणसांमागे ती मोजून वहीत लिहावी. तिचा आकडा सरकला की तिथेच थांबून पुन्हा जुळणी करायची.

आणि क्रम. एक गाव सकाळी आणि दुसरं गाव दुपारी मोजलं, आणि यंत्र दिवसभरात दीड अंक सरकलं, तर तो दीड अंक कागदावर वंशाचा फरक म्हणून उतरतो. दोन्ही समूहांची माणसं आलटून पालटून मोजावीत. जमत नसेल तर निदान दोन्ही गावांत सकाळ-दुपार सारखी वाटावी. ऋतूही तोच: एक समूह मे महिन्यात आणि दुसरा जानेवारीत मोजला तर दंडाच्या आतल्या बाजूवरही भरवसा राहत नाही.

वय आणि लिंग यांचा हिशेब ठेवायला लोक विसरतात. बहुतेक समूहांत प्रौढ बायकांची त्वचा पुरुषांपेक्षा थोडी उजळ असते, आणि वयात येताना दोघांचाही रंग बदलतो. मूळ समूहाच्या नमुन्यात निम्मे पुरुष आणि मिश्र समूहात सत्तर टक्के बायका असतील, तर उत्तर आपोआप उजळ पूर्वजांकडे झुकतं. त्यामुळे फक्त प्रौढ घ्यायचे आणि वाटा पुरुषांसाठी व बायकांसाठी वेगवेगळा काढायचा. दोन्ही उत्तरं जवळ आली तर बरं. नाही आली तर कुठेतरी नमुना बिघडला आहे.

शेवटी मापनाची त्रुटी छापायची. वीस माणसं दोनदा मोजा, दोन रीडिंगांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज करा, तिला माणसांच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. ही त्रुटी ०.६ आली आणि समूहाचं प्रमाण विचलन ६ असलं, तर एकूण विचरणातला (प्रमाण विचलनाच्या वर्गातला) एकच टक्का मापनातून आला. दोन वेगळी माणसं यंत्र धरणार असतील तर दोघांमधलीही अशीच काढायची.

मूळ समूह कोण?

मापन निर्दोष झालं तरी अ आणि ब कुठून आणणार? केप व्हर्दे बेटं इथे जवळजवळ आदर्श आहेत. पंधराव्या शतकात पोर्तुगिजांनी वस्ती करेपर्यंत ती निर्मनुष्य होती. लोक आले ते पोर्तुगालहून आणि समोरच्या पश्चिम आफ्रिकी किनाऱ्यावरून. दोन्ही बाजू माहीत, दोघांच्या रंगांत प्रचंड अंतर. याउलट ‘आफ्रिका’ असा एक आकडा कुठेच नाही. दक्षिणेकडचे सान लोक आणि पूर्वेकडचे नाइलच्या खोऱ्यातले पशुपालक यांच्यात मेलॅनिनचं अंतर फार मोठं आहे. चुकीचा आफ्रिकी समूह ब म्हणून घेतला की भाजकच बदलतो.

रंगावर नैसर्गिक निवडीचा दाब आहे, हेही विसरता येत नाही. रेलेथफोर्डने २००२ मध्ये दाखवलं की जगातल्या त्वचारंगाच्या विचरणापैकी ८८ टक्के मोठ्या भौगोलिक प्रदेशांच्या दरम्यान आहे, तर साध्या जनुकीय खुणांसाठी हाच भाग दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो. यामुळेच दोन दूरच्या समूहांचं मिश्रण मोजायला रंग इतका सोयीचा वाटतो. आणि यामुळेच तो फसवतो: अतिनील किरण सारखे असतील तिथे नातं नसलेले समूहही सारखे गडद होतात. मेलानेशिया, दक्षिण भारत आणि पश्चिम आफ्रिका यांचे आकडे एकमेकांवर पडतात, पूर्वज नाहीत.

आपल्या सिद्दींचं उदाहरण घ्या. कर्नाटकातल्या आणि गुजरातेतल्या सिद्दींच्या जनुकीय अभ्यासात, २०११ मध्ये, आफ्रिकी आणि भारतीय दोन्ही पूर्वज स्पष्ट दिसले, बहुधा थोडे पोर्तुगीजही, आणि मिश्रण गेल्या आठेक पिढ्यांतलं निघालं. हाच प्रश्न परावर्तनमापीने सोडवायला गेलात तर एका बाजूला बांटू भाषकांचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला उत्तर कन्नडच्या शेजाऱ्यांचा, म्हणजे मघाच्या दुसऱ्या उदाहरणासारखा भाजक. केप व्हर्देत जे यंत्र काम करतं ते इथे करणार नाही, आणि दोष यंत्राचा नसेल.

भारतातल्या जुन्या मिश्रणाबद्दल तर आणखी सावध राहावं लागतं. इथले मूळ समूह आज शुद्ध स्वरूपात कुठेही मोजायला उपलब्ध नाहीत. युरोपीयांत जवळजवळ सगळ्यांकडे असलेलं एसएलसी२४ए५ जनुकाचं उजळ रूप भारतभर वेगवेगळ्या प्रमाणात आढळतं. २०१३ च्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या बऱ्याच अंशी एकजिनसी अशा १२२८ जणांची त्वचा मोजली, तेव्हा एकट्या या जनुकीय जागेने रंगाच्या विचरणाचा सुमारे २७ टक्के भाग समजावला. म्हणजे एकाच समूहात, सारख्याच पूर्वजांच्या लोकांत, एका जनुकाने एवढा फरक पडतो. त्या फरकाकडे बोट दाखवून कुणाचे पूर्वज कुठून आले हे सांगायला जाणं म्हणजे निव्वळ अंदाज.

या शास्त्राचा भूतकाळ काळवंडलेला आहे आणि तो माहीत असावा. ऑयगेन फिशरने १९१३ मध्ये आजच्या नामिबियातल्या रेहोबोथ इथल्या मिश्र समाजावर पुस्तक लिहिलं. पुढे त्याचं नाव नाझी वंशविज्ञानाशी कायमचं जोडलं गेलं. आपल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनला याच फिशरच्या हाताखाली पीएचडी केली. विषय कवटीच्या असममितीचा होता, आणि मार्गदर्शकाला हवा तो वंशभेद त्यांच्या मोजमापात सापडला नाही. त्यांनी तसंच लिहिलं.

एकट्या माणसावर का चालत नाही

केप व्हर्देतल्या ६९९ जणांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रंगाच्या विचरणापैकी सुमारे ४४ टक्के सरासरी जनुकीय वंशाशी जोडलेलं निघालं, आणि चार मोठ्या जनुकीय जागांनी मिळून ३५ टक्के. इतकं दुर्मीळ, स्वच्छ, दोन टोकांचं मिश्रण असूनही निम्म्याहून जास्त विचरण सरासरी वंशावरून सांगता आलं नाही.

कारण जनुकांच्या वाटपात आहे, म्हणजे आईबापांच्या प्रतींपैकी कोणती कोणत्या मुलाला मिळते यात. हॅरिसन-ओवेन पद्धतीचा हिशेब असा: मूळ समूहांतल्या अंतराचा वर्ग ÷ (८ × वाटपामुळे आलेलं विचरण) = परिणामकारक जागांची संख्या. अंतर ३० आणि हे विचरण ३२ धरलं तर ९०० ÷ २५६ = ३.५. त्यांचं उत्तर तीन-चारच्या घरात होतं. आज माहीत आहे की जागा पुष्कळ आहेत, पण काही थोड्यांचा परिणाम फार मोठा आहे. सूत्र सगळ्या जागा समान धरतं म्हणून संख्या लहान येते. २००५ च्या, झेब्राफिश या माशावरून सुरू झालेल्या प्रसिद्ध शोधनिबंधाने युरोपीय-आफ्रिकी फरकापैकी २५ ते ३८ टक्के वाटा एसएलसी२४ए५ ला दिला.

आता एका घरात पाहा. आई आणि वडील दोघेही मिश्र, दोघांकडे या जनुकाची एक उजळ आणि एक गडद प्रत. पहिल्या मुलीला दोन्ही उजळ प्रती मिळाल्या, दुसरीला दोन्ही गडद. प्रत्येकीची तशी शक्यता चारात एक. दोघींचे आईवडील तेच, आजी-आजोबा तेच, जनुकीय वंश साधारण सारखाच, आणि मीटरवर दोघींत ठळक अंतर. मीटरचा आकडा वंशाच्या टक्केवारीत बदलून या दोघींना वेगवेगळे पूर्वज वाटून देणं उघडच चुकीचं आहे.

पिढ्यांबरोबर हे वाढत जातं. एकदाच मिश्रण झालं आणि पुढे लोक रंग-वंश न पाहता लग्नं करत राहिले, तर माणसामाणसातलं वंशाचं विचरण दर पिढीला निम्मं होतं. पाच पिढ्यांत ते बत्तिसाव्या हिश्शावर येतं. मोठ्या जनुकांमुळे येणारं रंगाचं विचरण मात्र टिकून राहतं. त्यामुळे रंग आणि वंश यांचा सहसंबंध विरत जातो. इतक्या पिढ्यांनंतरही तो दिसला तर त्याचा अर्थ असा की बाहेरून नवे लोक येत राहिले, किंवा लग्नं रंग आणि वर्ग पाहून होत राहिली. मला या पद्धतीचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच वाटतो: सहसंबंधाची ताकद समाजाची रचना दाखवते. २००४ मध्ये पारा आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे मिश्र समूह शेजारी ठेवले, तेव्हा पोर्तो रिकन लोकांत हा सहसंबंध ०.६ च्या वर होता आणि मेक्सिकन नमुन्यात ०.२ च्या आसपास. ब्राझीलमधल्या आदल्या वर्षीच्या अभ्यासात तर डोळ्यांनी ठरवलेल्या रंगावरून आफ्रिकी वंशाचा अंदाज नीट बांधताच येत नव्हता.

आरोग्याच्या अभ्यासात

सॅन अँटोनियो, टेक्सास. १९८० च्या दशकात तिथल्या मेक्सिकन-अमेरिकनांच्या त्वचेवरून मूळ अमेरिकी वंशाचा वाटा काढला: गरीब वस्तीत ४६ टक्के, मधल्या वस्तीत २७, सधन उपनगरात १८. मधुमेहाचं प्रमाणही त्याच क्रमाने उतरत होतं. जनुकीय कारणाकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण वस्ती बदलली की मिळकत, जेवण, दवाखाना, कष्ट हे सगळंच बदलतं, आणि गडद माणसाला चांगल्या वस्तीत जागा कमी मिळते हेही त्याच आकड्यांत असतं. १९९१ मध्ये क्लॅग आणि सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांचा रक्तदाब पाहिला, तेव्हा मोजलेल्या रंगाशी त्याचा संबंध फक्त कमी उत्पन्न-शिक्षणाच्या गटात निघाला. ग्रॅव्हली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पोर्तो रिकोत मोजलेला रंग आणि समाजाने लावलेला रंग हे दोन वेगळे रकाने ठेवले. रक्तदाबाशी संबंध दिसला तो समाजाने लावलेल्या रंगाचा, मिळकत-शिक्षणाच्या जोडीने. मीटरच्या आकड्याचा नाही.

म्हणून असा अभ्यास आखताना नोंदपत्रकावर हे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत: दंडाचं आणि कपाळाचं मेलॅनिन निर्देशांकातलं रीडिंग, तिन्ही वेगवेगळी लिहून, माणूस स्वतःचा रंग कसा सांगतो, शेजारी कसा सांगतात, शिक्षण, धंदा, घर, मोजण्याची तारीख, वेळ, यंत्र धरणाऱ्याची खूण आणि नियंत्रण-टाइलचा त्या तासाचा आकडा. संमतिपत्रात लिहावं की वंशाची टक्केवारी कोणालाही व्यक्तिशः सांगितली जाणार नाही, आणि कुणी आग्रहाने विचारलं तरी सांगू नये. परावर्तनाचे कच्चे आकडे, लॉग न घेतलेले, जपून ठेवावेत. उद्या कुणाला दुसऱ्या मोजपट्टीवर हिशेब करायचा असेल तर सरासरीवरून मागे जाता येत नाही.